म्हशीच्या नजरेआड

माझी म्हैस वळायला लागली की गल्लीतली चारचाकी आपणहून मागं सरते, एवढी तिची शिंगं. दूध असं दाट, की त्यात पडलेली माशी बुडत नाही, चालत काठाला येते. हसणाऱ्यांना मी भरली चरवी दाखवतो. मग ते गप्प होतात, निदान पिऊन होईपर्यंत.

बायको गेली, मूलबाळ नाही. माझ्या मागं उरणार ती म्हैस आणि नदीकडचं गवताचं रान. थोरली अक्का मठाच्या वृद्धाश्रमात राहते. घरी चल म्हणून हातापाया पडलो, पण तिथली सकाळची पूजा आणि विभूती लावून एका पंगतीला बसणारी माणसं तिला सोडवेनात. म्हणून रोज मीच म्हैस घेऊन मठाच्या अंगणात जातो आणि सगळ्यांसमोर धार काढतो. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधाशिवाय आमच्या कोल्हापुरात कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

माझ्या माघारी या म्हाताऱ्यांच्या दुधाचं काय, या विचारानं बूड एका जागी टेकेना. गोठ्यातून मठात, मठातून गोठ्यात; चपलेचे तळ झिजून जमीन लागली. शेवटी मृत्युपत्र करायला वकिलाकडं गेलो.

"म्हैसपण लिहायची?" वकील म्हणाले.

"आधी म्हैस लिहा. मग रान."

अडलं ते मठाच्या स्वामीजींपाशी. "रान आनंदानं घेऊ. पण ही तुमच्याशिवाय कुणाला धार देते? तुम्ही नसताना दूध निघालं, तरच म्हैस घेणार."

बोलणं खरं होतं. परका हात लागला की ही पान्हा चोरते. एकदा पुतण्या बसला होता. चरवी लाथेसरशी पन्हाळ्याच्या दिशेनं गेली, अजून सापडलेली नाही.

अक्का उठली. "सर बाजूला. तुला धार काढायला शिकवलं कुणी? मीच की."

ती बसली, मी शेजारी उभा. म्हैस माझ्याकडं बघत राहिली, थेंब देईना.

"तू म्होरं हायस तवर ही मला कशाला दील? मेल्यावर काय असाच हुबा ऱ्हाणार हायस? जा भिंतीआड. मेलास समज."

आठ दिवस मी मठाच्या भिंतीआड मेलो. मेलेल्या माणसाला तंबाखू मळता येत नाही, खोकता येत नाही, डोकावता तर अजिबात येत नाही. चौथ्या दिवशी शिंकलो. म्हैस दावं तोडून, अक्काला पाटासकट ढकलून, थेट माझ्या छातीवर आली.

वृद्धाश्रमातले एक निवृत्त मास्तर ओरडले, "पावणं, मेल्यावर तरी गप बसा की!"

मग वासाला म्हैस भुलावी म्हणून अक्कानं माझा घामट सदरा लुगड्यावर चढवला. दोन दिवसांनी तोच सदरा वृद्धाश्रमाच्या तरण्या स्वयंपाकीणबाईंच्या अंगात घातला आणि त्यांचा हात स्वतःच्या हाताखाली धरला. अक्का माझ्याहून थोरली. तिला तिच्याही माघारचं बघायचं होतं.

नवव्या दिवशी सदरा खुंटीला राहिला, बाई एकट्याच धारेला बसल्या. मी भिंतीला कान लावून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. आधी काहीच नाही. मग चरवीच्या तळाला चिर्र, चिर्र. मग घुमणारा, फेसाळ आवाज.

देवा, सुटलो, म्हटलं. आणि लगेच भडकलो. इतकी वर्षं हातानं पेंड भरवली, आणि आठ दिवसांत परक्या बाईला पान्हा?

"ये भाईर!" अक्का ओरडली. "धार निघाली."

मी बाहेर आलो. म्हशीनं मान वळवून मला नीट बघितलं. धार थांबली नाही.

तसाच तरातरा सही करायला निघालो. फाटकापाशी पोचेपर्यंत तीनदा मागं वळून बघितलं. ती स्वयंपाकीणबाईंचा पदर चाटत होती.