शंभरच्या स्क्रूवरचा हेडफोन

त्या मशीनपायी मी जेवढी वैतागले, तेवढी दुसऱ्या कोणत्याच निर्जीव वस्तूपायी वैतागले नसेन. मशीन म्हणजे अँप्लीफायर. आमच्या आदिलाबादजवळच्या, जैनथकडच्या गावात विहारातली गायन पार्टी होती, आमचे हे त्यात पेटी वाजवायचे. पोरं नोकऱ्यांना लागली, पार्टी मोडली, आणि मशीन आमच्या घरी आली. दोन दिवस ठेवा म्हणून आली होती. अजून पलंगाच्या उशाशीच आहे.

शाळेतून रिटायर झाल्यापासून यांचा एकच नेम. संध्याकाळ झाली की मोबाइल मशीनला लावायचा, मशीनला स्पीकरचा खोका, आणि जुनी गाणी सुरू. आधी बरं वाटायचं मला, भाकरी थापता थापता मीही गुणगुणायची. मग आवाज वाढत गेला. इतका की फळीवरची ताटं थरथरायला लागली. शेजारची पोर परीक्षेचा अभ्यास करून राहिलेली, तिची आई दारात येऊन उभी. "काकू, काकाजीले सांगा ना जरा."

सांगितलं तर हे म्हणतात, "खोका म्हातारा झाला वं. त्याच्यातून आवाजच निघून नाही राह्यला."

"खोका नाही म्हातारा झाला. डॉक्टरले कान दाखवा."

"माये कान ठणठणीत हायेत. तुमी लोकंच पुटपुटता."

घ्या! आता याच्यापुढं काय बोलावं माणसानं? मी ओट्यापासून हाका मारायची, मारायची, हे पेपरात. जवळ जाऊन ओरडलं की वर मलाच, "काऊन कावते वं?"

शेवटी मुलानं हैदराबादहून हेडफोन पाठवला. म्हटलं सुटले. शेजारणीलाही सांगून टाकलं, बाई, उद्यापासून तुझ्या पोरीला शांतता. पण मशीनला हेडफोनची पिन शिरेल असं भोकच नाही! समोर माइकची भोकं, मागं नुसते स्क्रू. प्रत्येकाखाली आकडा: चार, आठ, सोळा, शंभर. एकाखाली इंग्रजीत 'कॉम'. खोक्याची तार 'कॉम' आणि आठवर. शंभरवर भोंग्याच्या तारेचा जुना तुकडा अजून लोंबत होता, जयंतीला झाडावर भोंगा बांधायचे त्याचा.

यांनी काय केलं? नव्या हेडफोनची पिन कापली, तारा सोलल्या आणि दिल्या 'कॉम' आणि शंभरवर आवळून.

"अहो, आठवर लावा की! खोका तिथंच हाये ना."

"शंभर म्हंजे जास्त आवाज. मले जास्तच पाहिजे."

हेडफोन पलंगावर पडला होता म्हणून बरं. यांनी बटण दाबलं, गाणं लावलं, आणि हेडफोनमधून कडाड असा आवाज, मग जळक्या प्लास्टिकचा वास. कानावर असता तर? हे मात्र हेडफोन उलटासुलटा करून बघत म्हणतात, "पोरानं हलका माल पाठवला."

दुसऱ्या दिवशी मी ऑटोत बसून आदिलाबादला गेले. दुकानदार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "अम्मा, वो डब्बा कबाड़ में डालो, ब्लूटूथवाला ले लो." मी म्हटलं, भाऊ, आमच्या माणसाला त्या डब्याशिवाय करमत नाही, पिनेचंच काय ते सांग. तर म्हणे "नहीं होता." दुसऱ्या दुकानात म्हणे होतं, पण मशीन घेऊन या. ती मशीन उचलायला दोन गडी लागतात! चिडून मी पिनेचाच दुसरा हेडफोन घेतला आणि परत आले.

माझ्या नणंदेची मुलगी मंचेरियलला पॉलिटेक्निकात शिकवते. तिला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मामी, त्या मशीनले आता कोणीच हात लावू नका. मी रविवारी येते."

आली, आणि आधी तिनं भिंतीतला प्लगच काढला. मग यांना समोर बसवलं, वर्गात पोराला बसवावं तसं.

"मामा, ही मशीन गावभर भोंगा वाजवाची. करंट पाण्यासारखा समजा: तिच्यासाठी लोटाभर म्हंजे काहीच नाही, आन हेडफोनले चमचाभर लागते. शंभरचा स्क्रू तर लांबच्या भोंग्याचाच. तिथं हेडफोन कधीच लावाचा नाही."

तिनं हेडफोन कापला नाही, पिन बसेल असं सॉकेट आणलं होतं. 'कॉम' आणि आठच्या मध्ये एक जाड पांढरा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा तुकडा बसवला, खोक्याऐवजी मशीनला भार म्हणून. मग सॉकेटला जाणाऱ्या वाटेत दोन बारीक रेझिस्टर, एकेका कानासाठी, आवाजाला आवर घालायला. म्हणाली, "ही एकाच चॅनलची मशीन हाये, दोन्ही कानाले एकच आवाज, म्हणून सोपं गेलं. दोन चॅनलची असली तर दोन्ही चॅनलच्या काळ्या तारा एकत्र करून चालत नाही, कधी कधी मशीनच जळते." मग आवाजाचं बटण शून्यावर, हेडफोन कानापासून लांब धरून, हळूहळू वाढवून तिनं ऐकलं. मग मी ऐकलं. दोन्ही कानात पेटी कशी स्वच्छ! मला तर आनंदानं तिला कुरवाळावंसं वाटलं.

यांनी घातला. तोंड वाकडं केलं.

"डाव्या बाजूची तार मेली हाये."

"अहो, आत्ता मी ऐकलं ना!"

"मले नाही येऊन राह्यला त्याच्यातून. पोरी, तुया जोड चुकला."

माझं डोकंच फिरलं. एवढा आटापिटा, आणि पुन्हा चूक तारेची! भाची मात्र शांत. यांच्या डोक्यावरचा हेडफोन तिनं काढला, फिरवला, उजवी बाजू डाव्या कानावर अशी उलटी घातली.

"आता सांगा मामा. कोणती बाजू बंद?"

हे ऐकत राहिले. हात आपोआप डाव्या कानाशी गेला.

"हीच."

यांनी आवाज वाढवायला हात पुढं केला, तिनं बटणावर आपला तळवा ठेवला. "नाही मामा. याच्यावर हा इलाज नाही."

सोमवारी आम्ही आदिलाबादला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. रस्ताभर हे खिडकीबाहेरचा कापूस बघत होते. तिथल्या मुलीनं ऐकण्याच्या तपासणीसाठी यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि कानावर हेडफोन चढवला. तो चढवताच यांनी काढून हातात घेतला. दार अजून उघडंच होतं, मला स्पष्ट ऐकू आलं.

"पोरी, याच्यात रेझिस्टर हाये ना?"

यांनी हेडफोन फिरवला, उलटा करून पुन्हा डोक्यावर बसवला आणि म्हणाले, "आधी असं पाहून घे. मंग सरळ करून पाह्यजो. मंग लिही काय लिहाचं ते."