मधुकाका आणि स्पीकरमधली स्स्स

दोष मधुकाकांचा. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे नंतर "ओंक्या गोल गोल फिरवतो" असं कुणी म्हणायला नको. मधुकाका म्हणजे अंबरनाथच्या आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाचे अध्यक्ष. कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाले आणि आता उरलेल्या जगाचं इन्स्पेक्शन करतात!

असे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार म्हाताऱ्यांच्या खोलीत एक नवीन मशीन ठेवा आणि कोपऱ्यात गप्प बसा. आपोआप साठतात. मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्यामुळे कोपऱ्यात बसायला माझ्याकडे वेळच वेळ होता. मोठ्यांबद्दल असं लिहू नये म्हणतात. आधी पूर्ण वाचा, मग म्हणा.

मुळात हे सुरू झालं दत्तूबुवांमुळे. बुवा मंडळाचे मुख्य गायक, राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही." तारीख तीन आठवड्यांनंतरची. तेवढ्यात बुवांचे अभंग रेकॉर्ड करायचे असं ठरलं. मंडळात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा, म्हणून काम माझ्याकडे.

मी कॉलेज सोडलं तेव्हा कॉलनीतल्या प्रत्येकाने मला एकेक लेक्चर दिलं होतं. बुवांनी फक्त विचारलं, "म्हणजे आता सकाळी मोकळा असतोस ना? मग येत जा." तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्याकडे पेटी शिकायला जायचो. दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारा तो एकच माणूस. बुवांचा आवाज वाचवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

*

रेकॉर्डिंग तपासून ऐकायला स्टुडिओ मॉनिटर लागतात. मॉनिटर म्हणजे स्क्रीन नाही, आवाज जसाच्या तसा ऐकवणारे स्पीकर. मंडळाच्या बजेटमध्ये बसतील असे घ्यायला मी आणि मधुकाका उल्हासनगरला गेलो.

दुकानात डोक्यावर तीन पंखे, बाजूला कूलर, बाहेर रिक्षांचे हॉर्न. शेठने स्पीकर चालू केले. मी कान लावायला वाकलो तर काकांनी कॉलर धरून मागे ओढलं. "लहान पोरासारखं काय करतोस? शेठ काय म्हणतील!"

मंडळाच्या खोलीवर आणून लावले, तर काहीही वाजत नसताना दोन्ही स्पीकरमधून बारीक स्स्स! टायर पंक्चर झाल्यासारखी. सतत. मी दुसऱ्या दिवशी बॉक्स उचलून परत दुकानात.

शेठ म्हणाले, "साईं, सस्ते वाले में इतना तो आएगा. शादी में बजाओ, किसी को सुनाई नहीं देगा."

म्हटलं, "शेठ, हम शादी में नहीं बजानेवाले. शांत कमरे में सुनना है."

शेठ खरंच चक्रावले. म्हणाले, "शांत कमरा? उल्हासनगर में?"

*

परत आणले. नेट चाळून कळलं की स्वस्तातल्या मॉनिटरमध्ये अँप्लिफायर आतच असतो आणि ही स्स्स त्याची स्वतःची असते. गाण्यात काही नसतं. थोडी कमी करता येते, पूर्ण जात नाही.

हे मी सांगणार तेवढ्यात जनूकाका आले. जनूकाका मंडळात मृदंग वाजवतात. दारातच थांबले. कान टवकारले.

"गॅस!"

दोन मिनिटांत खोली रिकामी. आमच्याकडे एमआयडीसीच्या कृपेने सकाळी खिडकी उघडली की रोज वेगळा वास येतो, त्यामुळे नाकाला रुमाल लावायची सगळ्यांना सवयच आहे. आठ-दहा म्हातारे खाली रुमाल लावून उभे! मधुकाका जिन्यात उभे राहून वरच्या मजल्यावरच्या बायकांना ओरडतायत, "सिलेंडर बंद करा! लाईटचं बटण दाबू नका!"

मी खिडकीतून ओरडलो, "काका, स्पीकर आहे! वास येतोय का तुम्हाला? वास नाहीये!"

जनूकाका खालून ओरडले, "वेड्या, डेंजर गॅसला वासच नसतो!"

मी शेवटी स्पीकरचं बटण बंद केलं. स्स्स थांबली. खालून टाळ्या पडल्या. मधुकाकांनी सगळ्यांना वर घेतलं आणि मला म्हणाले, "बघ. वेळेवर सिलेंडर बंद केले म्हणून."

*

मग बदलापूरहून कुळकर्णी सरांना बोलावलं. हे मंडळाचे सल्लागार. शाळेत सायन्स शिकवायचे, रिटायर होऊन जमाना झाला, पण खडू अजून हातात असल्यासारखंच बोलतात. सरांनी स्पीकरसमोर उभं राहून डोळे मिटले आणि निदान केलं, "अर्थिंग."

मी म्हटलं, "सर, अर्थिंगचा आवाज घुंईं असा जाड असतो. ही स्स्स आहे. अँप्लिफायरची."

"तू कितव्या वर्षाला सोडलंस?"

"दुसऱ्या."

"अर्थिंग तिसऱ्या वर्षाला असतं."

संपला विषय!

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या मागे खड्डा खणायला सुरुवात झाली. कोळसा आणला, मीठ आणलं, तांब्याची पट्टी आणली. सर खुर्चीवर बसून "अजून एक फूट, अजून एक फूट" करतायत. चौथ्या फुटाला पहार कुठेतरी लागली आणि खड्ड्यातून कारंजं उडालं. कॉलनीची पाण्याची मेन लाईन! दोन दिवस अख्ख्या कॉलनीला पाणी नाही. बायका कळश्या घेऊन मंडळाच्या दारात.

मला वाटलं, आता तरी सर गप्प बसतील. सरांनी भिजलेली पँट पिळत खड्ड्यात वाकून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"अर्थिंगला ओलावा हवाच असतो."

स्स्स तेवढीच. एक कणही कमी नाही.

*

तेव्हा मी डोकं शांत ठेवून सगळ्यांना बसवलं आणि प्रात्यक्षिक दाखवलं. लॅपटॉपची वायर स्पीकरमधून काढली. हातात धरून दाखवली. "बघा, आता स्पीकरला काहीच जोडलेलं नाही. तरी स्स्स येतेय ना? म्हणजे आवाज स्पीकरचा आहे. गाण्यात नाही."

एवढं सोपं आहे हो! पाचवीतलं पोर समजेल.

मधुकाकांनी वायर हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग गंभीरपणे जनूकाकांना म्हणाले, "वायर काढली तरी येतोय. म्हणजे मुरलाय."

मग मी स्पीकरच्या मागचं आवाजाचं बटण निम्म्यावर आणलं आणि लॅपटॉपकडून आवाज वाढवला. स्स्स बरीच दबली. गाणं तेवढंच. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा पाजला!

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर बटण परत फुल. स्स्स जोरात.

"काका, हे कुणी केलं?"

"मी," मधुकाका म्हणाले. "स्पीकर अख्खा घेतलाय, अर्धा का वापरायचा?"

*

ऑपरेशनच्या चार दिवस आधी, दुपारी, बुवा आले. खोलीतले पंखे बंद, खिडक्या बंद, स्पीकरही बंद, कारण माईक चालू असताना ते बंदच ठेवायचे. रेकॉर्डिंगमध्ये स्स्स जायचा प्रश्नच नव्हता. बुवांनी घामाने निथळत अकरा अभंग म्हटले. एका बैठकीत. मध्ये एकदाच पाणी प्यायले. शेवटच्या अभंगाला जनूकाकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मृदंगावरचा हात मात्र चुकला नाही. त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्यांचा राग आला नव्हता. हेही लिहून ठेवतो.

मग स्पीकर लावून ऐकलं. बुवा पहिल्यांदाच स्वतःला असं ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. "ओंकार, हे मागे कोण?"

"स्पीकर आहे बुवा. तो असाच करतो."

"बसू दे त्याला," बुवा म्हणाले. "आमच्या मंडळात हा पहिलाच, जो एक सूर सोडत नाही."

सगळी खोली हसली. मधुकाका सोडून.

*

आता मंडळाचा नियम. कपाटावर पेंटने लिहिलाय: "मंडळाची वस्तू घरी न्यायची नाही." पूर्वी कधीतरी टाळांचे चार जोड कुणाच्या तरी लग्नाला गेले ते आलेच नाहीत, तेव्हापासून. लॅपटॉप कुळकर्णी सरांच्या मुलाने मंडळाला दिलेला, म्हणून तोही मंडळाची वस्तू. मृदंगाशेजारी कपाटात बंद.

मी म्हटलं, "काका, पेनड्राईव्हवर एक कॉपी घेतो. वस्तू इथेच राहील, नुसती कॉपी."

"अभंग मंडळात म्हटले?"

"हो."

"मंडळाच्या माईकवर?"

"हो."

"मग ते घरी कसे नेशील?"

काका चहा सांगायला खाली गेले तेव्हा चोरून घेता आली असती. दोन मिनिटांचं काम होतं. मी घेतली नाही. एवढी वर्षं यांच्यासमोर मान खाली घालून जी सवय लागलीय, ती अशी नको तिथे नडते.

*

बुवांना ॲडमिट केलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी अभंग नीट लावून ठेवायला म्हणून मंडळात गेलो. मधुकाका लॅपटॉप उघडूनच बसले होते, चष्मा नाकावर. आवाज वाढवणं, फाईल उडवणं एवढं त्यांना मीच शिकवलं होतं.

फोल्डर उघडलं. रिकामं.

"काका, बुवांचे अभंग कुठायत?"

"रिजेक्ट केले."

मला वाटलं मस्करी करतायत. काका आयुष्यात मस्करी करत नाहीत.

"अकरातले तीन सॅम्पल काढले," ते शांतपणे सांगायला लागले. "तिन्ही पूर्ण ऐकले. तिन्हीत स्स्स. सॅम्पल फेल तर लॉट फेल. तीस वर्षं हेच केलंय मी."

मी रिसायकल बिन उघडायला गेलो.

"तेही साफ केलंय. रिजेक्ट माल शॉप फ्लोअरवर ठेवायचा नसतो, चुकून पुढे जातो."

"काका, बुवांचा आवाज गेलाय! काल काढला तो! आता परत कसं म्हणणार ते?"

"टाके सुटू देत. डॉक्टर लोक घाबरवतात. महिन्याभरात गातील. तोवर चांगले स्पीकर बघून ठेव."

त्या रिकाम्या जागेवर त्यांनी सकाळीच दोन वर्षांच्या सप्ताहाचे व्हिडिओ भरून ठेवले होते. "डिस्क रिकामी का ठेवायची?" मी लॅपटॉप बगलेत मारला, नियम गेला खड्ड्यात, आणि उल्हासनगरला डेटा काढून देणाऱ्याकडे पळालो. त्याने दोन दिवस घेतले. अभंगांच्या जागेतून जे निघालं ते सगळं महाप्रसादाच्या पंगतीचं होतं. बुंदी वाढताना मधुकाका, वेगवेगळ्या अँगलने.

*

बुवा घरी आले तेव्हा सगळं मंडळ विठ्ठलवाडीला भेटायला गेलं. मीही गेलो. बुवांच्या गळ्याला पांढरी पट्टी, मध्ये नळी, मांडीवर नातवाची पाटी. बुवांनी मला बघितलं, हसले आणि पाटीवर लिहिलं, "माझं ऐकव."



मधुकाकांनी घसा साफ केला. "बुवा, ते ओंकारकडून उडालं. पोर आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. कुळकर्णी सर पंख्याकडे बघत होते. जनूकाका चपलांकडे. दोघांनाही सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "बुवा, मी नाही. मधुकाकांनी डिलीट केले. स्स्स ऐकू आली म्हणून अकराच्या अकरा. सरांना विचारा. जनूकाकांना विचारा."

सर काही बोलले नाहीत. जनूकाका काही बोलले नाहीत.

बुवांनी एकदा मधुकाकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. हाताने पाटी पुसली. सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"मधू असं करणार नाही."

अकरा अभंग गेले. माझं विठ्ठलवाडीला जाणं बंद झालं.