अण्णांची अंघोळ

घर तपासायला व्यंकटराव अण्णा पंचा, साबण आणि स्वतःची बादली घेऊन आले. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या त्या इमारतीत सेल्समनने त्यांना प्लंबर समजून मागच्या लिफ्टने पाठवलं. "सरी, बरं," म्हणत अण्णा मागची लिफ्टही तपासून आले.

त्याआधी सेल्समननेच आम्हाला एक तपासनीस दिला होता. टाय, टॅब, लेझरचं यंत्र, सगळा थाट. 'घर उत्तम' असा त्याचा अहवाल तो यायच्या आदल्या दिवशीच आला. त्यात बाल्कनीतून दिसणाऱ्या तळ्याचं कौतुक होतं. आमच्या बाल्कनीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसायची. मी आणि माझा नवरा निखिल, पुण्याहून आलेली शिकलीसवरलेली माणसं, दहा वर्षांची पुंजी त्या घरात ओतणार होतो. सही शनिवारी होती. घाबरून मी ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं, तिने बनशंकरी भागातल्या अण्णांचं नाव दिलं. कित्येक पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं मराठी घराणं, आणि स्वतः तीस वर्षं बांधकामावरचे इंजिनियर.

फोनवर मी सर्टिफिकेट मागितलं. "दाखवतो की, अक्का. पण मी कुठली घरं नापास केली तेही विचारा. ज्यानं एकही घर नापास केलं नाही, तो तपासनीस नव्हे, पाहुणा."

भिंती, वायरी, खिडक्या त्यांनी मुकाट्याने पाहिल्या. मग बाथरूममध्ये शिरून कडी लावली. 'अंघोळ केल्याशिवाय घराबद्दल बोलू नये' हा त्यांचा नियम. सेल्समन दार ठोठावत होता, आत स्तोत्र चालू होतं. थोड्या वेळाने दाराखालून पाणी आलं आणि हॉल ओलांडून सेल्समनच्या बुटांपर्यंत गेलं. अण्णा पंचा गुंडाळून बाहेर पडले, तसेच जिना उतरले आणि खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. "अम्मा, माझी अंघोळ तुमच्याकडे आली काय?"

ती बाई फडकं घेऊनच दारात आली होती.

"नापास," अण्णा म्हणाले.

मला ते घर फार आवडलं होतं. मी तिथेच रडले. अण्णा ओल्या पंच्यानिशी समोर बसले. "स्वल्प रडून घ्या, अक्का. घर हातचं गेलं तर आठ दिवस रडतात. वाईट घर गळ्यात पडलं तर वीस वर्षं."

त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी पाच अंघोळी केल्या. सहाव्या घरातून बाहेर आले, भांग पाडला आणि कॉफी मागितली. तेच घर आम्ही घेतलं.

गेल्या वर्षी अण्णा घसरून पडले, पाय मोडला. स्वतःच्याच बाथरूममध्ये! मी भेटायला गेले तर तिथे पाणी साचलेलं, मध्ये उभं राहायला वीट ठेवलेली.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी भिंतीवरच्या, हार घातलेल्या बायकोच्या फोटोकडे बोट केलं. "मी साइटवर असायचो. हे घर हिनं उभं राहून बांधून घेतलं. हिच्या घरात चूक कशी काढू? आपल्या माणसाचं घर आपण तपासू नये, अक्का. बाहेरचा माणूस लागतो."

मी कोपऱ्यातली ती बादली उचलली, पंचा मागितला आणि आत जाऊन कडी लावली. तीन तांबे ओतले असतील नसतील, पाणी दाराखालून निघालं.

बाहेरून, खाटेवरून, आवाज आला. "आलं, अक्का, आलं! नापास! उद्याच गवंडी बोलवा."