खंड नऊवरची दुरुस्ती

विश्वनाथ ठवकर तेवीस वर्षं आनंदरावांचे पीए होते. आनंदराव चार वेळा अपक्ष आमदार म्हणून निवडून आले, एकदा पडले. पडले त्या पाच वर्षांतही विश्वनाथ रोज नागपुरातल्या नंदनवनातून स्कूटरवर त्यांच्या घरी जात आणि आलेल्या माणसांचे अर्ज लिहून देत. साहेबांच्या सहीखाली जी पत्रं गेली, त्यातलं एकही साहेबांनी स्वतः लिहिलेलं नव्हतं. त्याचं विश्वनाथना कधी काही वाटलं नाही. काम म्हणजे काम.

सिंधूताईंचा अर्ज मात्र त्यांनी घरी नेला होता. पारशिवनी तालुक्यातली ही पन्नाशीची बाई सासऱ्याच्या नावावरची चार एकर जमीन एकोणीस वर्षं एकटी कसत होती. नवरा भिलाईला कारखान्यात. कालव्याच्या पाणीवाटप समितीत ती बोलायला उभी राहिली की लोक विचारायचे, ‘सातबारा तुह्या नावानं आहे का?’ नव्हता. मग पाण्याची पाळी ठरवताना तिचं कोणी ऐकत नसे. तिच्यासारख्या दोनशे बायांच्या सह्या आणि अंगठे घेऊन ती आली होती. सरकार पाणीवाटपाचा नवा कायदा आणतंय, त्यात आमचं नाव घाला, एवढंच तिचं म्हणणं.

विश्वनाथनी तीन रात्री बसून त्या अर्जातून विधेयकासाठी दुरुस्ती तयार केली. खंड नऊमध्ये, ‘खातेदार’ या शब्दानंतर ‘किंवा ती जमीन प्रत्यक्ष कसणारी त्याच्या कुटुंबातील स्त्री’ हे शब्द घालावेत. आठ शब्द. साहेबांनी सही केली, क्रमांक पडला एकतीस.

डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधेयक आलं. विधान परिषदेत ते आधीच मंजूर झालं होतं, त्यामुळे जे काही व्हायचं ते विधानसभेतच. दुपारी मंत्री लॉबीत आनंदरावांना म्हणाले, “तुमची दुरुस्ती मांडा. मी मान्य करतो.” विश्वनाथनी ही बातमी सिंधूताईंना सांगितली तेव्हा त्या गॅलरीचा पास हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

पाच वाजता मतदान सुरू झालं. विरोधकांनी पहिल्याच दुरुस्तीला पोल मागितला. घंटा वाजली, दारं बंद झाली, सदस्य रांगेरांगेनं उभे राहिले, डोकी मोजली गेली, दुरुस्ती पडली. दुसरीला पुन्हा पोल. तिसरीला पुन्हा. एकेका दुरुस्तीला दहा-बारा मिनिटं. विश्वनाथ बाहेर कार्यालयातल्या टीव्हीसमोर बसून कागदावर खुणा करत होते. पावणेसातला दहावी झाली.

मधल्या वेळात आनंदराव बाहेर आले. “विश्वनाथ, आपल्याले किती वेळ आहे गा?”

“साहेब, हे लोक असेच पोल मांगून राहिले तर साडेनऊच्या आत नाही येत आपला नंबर.”

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये विश्वनाथच्या थोरल्या भावाच्या, रुपरावच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मुलाकडचे मोठे लोक. ‘साहेब येतील, माझ्या शब्दाबाहेर नाहीत’ असं विश्वनाथ त्यांच्यापुढं बोलून बसले होते. रुपरावचे दोन फोन येऊन गेले होते.

“साहेब, आमच्या वैभवीचं साक्षगंध आहे. धरमपेठ. दहा मिनिटं तोंड दाखवून या ना.”

आनंदरावांनी घड्याळ पाहिलं. “जाऊ म्हणतोस?”

“लवकर याल साहेब. मी आहे इथं.”

साहेब गेले.

सात वाजून दहा मिनिटांनी बाराव्या दुरुस्तीवर मंत्र्यांच्या एका वाक्यानं गोंधळ झाला. विरोधी बाकांवरचे सगळे उठले, घोषणा देत बाहेर पडले. सभात्याग. लॉबी माणसांनी भरली आणि सभागृह एकदम शांत झालं. पीठासीन अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला; तिथून पुढच्या दुरुस्त्या बाहेर पडलेल्या विरोधकांच्याच होत्या. सदस्य अनुपस्थित. पुढचा. अनुपस्थित. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. जे मघापासून पाऊण-पाऊण तासाला तीन-चार होत होतं, ते आता एका श्वासात होत होतं.

विश्वनाथना कळायला अर्धं मिनिट लागलं. मग त्यांनी फोन लावला.

“साहेब, निघा! आत्ताच्या आत्ता निघा!”

“अरे, मी आत्ताच उतरून राहिलो गाडीतून...”

“उतरू नका साहेब!”

ते सभागृहाच्या दारापर्यंत धावले. आत जायचा त्यांना अधिकार नव्हता. दाराच्या फटीतून आवाज येत होता. दुरुस्ती दुसऱ्या कोणाला मांडता येत नाही. ज्याची सही, त्यानंच मांडायची. “क्रमांक एकतीस. सन्माननीय सदस्य आनंदराव.”  मंत्र्यांनी मान वळवून आनंदरावांच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं, असं नंतर कोणीतरी सांगितलं. “अनुपस्थित.” पुढं खंड नऊ आहे तसाच विधेयकाचा भाग झाला.

आनंदराव पोचले तेव्हा विधेयक मंजूर होऊन गेलं होतं. सिंधूताई गॅलरीतून उतरून जिन्यापाशी उभ्या होत्या.

“साहेब, तुमी काहून नव्हते?”

विश्वनाथ शेजारीच उभे होते. आनंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “चुकलं माझं, बाई. बाहेर गेलो होतो.”

“आमची दुरुस्ती टाकून?”

“हो.”

सिंधूताईंनी पायातली चप्पल सारखी केली आणि त्या गेल्या. पारशिवनीची बस पकडायची होती. विश्वनाथच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. आले आणि तिथंच राहिले. साहेबांनी एकदा सांगितल्यावर आपण मध्ये कशाला बोलायचं, अशी त्यांनी त्या क्षणी स्वतःची समजूत घातली. तीच समजूत त्यांना पुढं फार जड गेली.

साक्षगंध चांगलं झालं, रुपराव म्हणाला. फक्त साहेब हॉलच्या दारातून परत का गेले, हे मुलाकडच्यांना कळलं नाही.

फेब्रुवारीत आनंदराव विश्वनाथना घेऊन त्या भागात सभेला गेले. साहेब त्या संध्याकाळी कुठल्याशा मेजवानीला गेले होते, एवढं तोवर सिंधूताईंच्या कानावर आलं होतं. त्या गर्दीतून उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “यायले आपल्या कामापेक्षा मेजवानी प्यारी आहे. यायच्या नादी लागू नका वं बायांनो.” बायका उठून गेल्या. आनंदराव माईक हातात धरून उभे राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत ते कालव्याच्या गळतीबद्दल बोलत होते. विश्वनाथना एक शब्द ऐकू आला नाही.

पुढच्या रविवारी विश्वनाथ एकटे सिंधूताईंच्या गावी गेले. त्या अंगणात तूर झोडपत होत्या. विश्वनाथनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. साक्षगंध, मुलाकडचे लोक, ‘दहा मिनिटं’.

सिंधूताईंच्या हातातली काठी थांबली. 

“म्हणजे मी साहेबाले फुकट बोलली.”

“माझ्यामुळं.”

“दुरुस्तीचं जाऊ द्या भाऊ. माणसाच्या हातून चुकते. पण मी त्या माणसाले भर सभेत बोलली, अन् तुमी बाजूले उभे होते. तवा तुमाले वाटलं नाही का?”

विश्वनाथनी पायाशी उडून आलेल्या तुरीच्या शेंगा उचलून ढिगावर ठेवल्या.

“बसा म्हणाची इच्छा नाही होऊन राहिली मले,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, जसं होतं तसं सांगितलं. मग घरात गेल्या, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि पुन्हा तूर झोडपू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आनंदरावांच्या घरी पोचल्या. आत काय बोलणं झालं ते विश्वनाथना बाहेरच्या खोलीत ऐकू आलं नाही. जाताना त्या त्यांच्याकडं न बघता गेल्या. मग साहेबांनी विश्वनाथना आत बोलावलं.

“कशाले गेला होता गा तिकडं?”

“राहवलं नाही साहेब.”

“जायचं का नाही, हे मी ठरवलं होतं. पाय माझे होते.” मग ते म्हणाले, “पण त्या दिवशी जिन्यापाशी तू बोलशील, असं मले वाटलं होतं.”

त्यानंतर त्या गोष्टीचा विषय दोघांत निघाला नाही. आनंदरावांनी पुढच्या दोन्ही अधिवेशनांत तेच आठ शब्द अशासकीय विधेयक म्हणून दिले. मसुदा विश्वनाथनीच केला, पहिल्यापेक्षा नीट. दोन्ही वेळा ते चर्चेला आलं नाही. दरम्यान नव्या कायद्याप्रमाणे पाणी समित्यांच्या निवडणुका झाल्या. सिंधूताईंच्या गावात मतदार यादीत एकशे चौदा नावं होती, त्यात बायका नऊ. सिंधूताई त्यात नव्हत्या. तरी त्या दिवशी त्या शाळेच्या पटांगणात जाऊन संध्याकाळपर्यंत बसून होत्या, असं विश्वनाथना एका ग्रामसेवकानं सांगितलं.