दोरीवर टांगलेला सोनाटा

आमच्या टीचर कुणालाही ‘बरोबर’ म्हणत नसत. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माडीवर मी शाळेत असल्यापासून पियानो शिकले, पण तो शब्द काही माझ्या वाट्याला आला नाही. अगदीच खूश झाल्या तर “चालतंय, पुढं चल,” एवढंच. आणि चुकलं, तर खालची पिठाची गिरणी फिकी पडावी अशा आवाजात, “कागदावर काय हाय ते बघ की!” गिरणीसमोर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकासुद्धा दचकून वर बघायच्या.

टीचरचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नसराईत त्यांना उसंत नसे. स्वरलिपी वाचायला त्यांनीच लेकीला शिकवली, आणि कागदावर लिहिलंय तेच वाजवायचं, पदरचं घालायचं नाही, हेही. पियानो मात्र टीचरनी नोकरी लागल्यावर स्वतः घेतला. तो जिन्यातून वर चढवताना अर्ध्या पेठेनं खांदा दिला होता म्हणे. दुरुस्तीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला ‘बाईंची पेटी’ म्हणत, आणि बाई दरवेळी तितक्याच तावातावानं चूक सुधारत.

त्यांचा जीव होता एका सोनाट्यावर. सोनाटा म्हणजे एकट्या पियानोसाठी रचलेली दोन-तीन भागांची मोठी रचना. रचणारा दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी जर्मन संगीतकार, टीचरच्या भाषेत ‘बुवा’. त्यातल्या संथ भागात एक जागा होती. तिथं पांढरी पट्टी दाबायची. लहानपणी माझं बोट तिथं आपोआप शेजारच्या काळीवर गेलं, कारण कानाला तेच गोड लागत होतं. त्यावर मी जे ऐकून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही.

चारेक वर्षांपूर्वी मला इंटरनेटवर बुवांचं हस्तलिखित सापडलं. परदेशातल्या एका ग्रंथालयानं पानन् पानाचे फोटो काढून ठेवले होते. सोबत पहिली छापील आवृत्तीही होती. मी दोन्हींच्या मोठ्या प्रती काढून टीचरकडे नेल्या. दसऱ्याच्या सुट्टीत त्यांनी खोलीत आडव्या तीन दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांचे चिमटे लावून पानं टांगली. वर हस्तलिखित, मध्ये पहिली छपाई, खाली त्यांचं स्वतःचं जुनं पुस्तक. मग भिंग घेऊन एकेक सूर तपासत त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायच्या. मी पियानोशी बसायचं आणि “वरची दोरी वाजीव! आता मधली!” असा हुकूम झाला की वाजवायचं. बुवांचं अक्षर बघून त्या हरखून जात. “काय लिवलंय, काय खोडलंय! ह्यो बुवा हुता का डॉक्टर?” इतका आनंदी दसरा मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

तीन दोऱ्यांची वरात त्या जागेपाशी आली आणि टीचरचं भिंग तिथंच थांबलं. वरच्या दोरीवर त्या सुराआधी कोमलाची खूण होती, ठसठशीत. म्हणजे काळी पट्टी. मधल्या आणि खालच्या दोरीवर खूणच नव्हती. छापणाऱ्यानं ती गाळली होती.

“म्हंजे इतकी वर्षं मी पोरास्नी चुकीचं शिकवलो,” त्या खाटेवर बसत म्हणाल्या. “तुला तर उगाच वरडलो.” मला त्यांच्याकडे बघवेना. छापखान्याची चूक आहे, तुमची नाही, असं मी म्हणून पाहिलं. “शिकवलं कुणी? मी. मग निस्तरणार बी मीच.”

आणि निस्तरलं ते असं, की सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. गारगोटीचे एक मुख्याध्यापक आले, जोतिबावर नारळ-गुलालाचं दुकान चालवणारा एकजण आला, दोघी-तिघी पोराबाळांसकट आल्या. नियम एकच: आधी पियानोवर ती जागा काळ्या पट्टीनं वाजवायची, मग तांबडा-पांढरा रस्सा. मुख्याध्यापकांची बोटं कधीच गंजली होती. त्यांना ताटावर बसायला सगळ्यात उशीर झाला.

महिनाही झाला नसेल, त्याच ग्रंथालयाच्या खजिन्यात मला आणखी एक पान दिसलं. छापण्याआधी बुवांकडे तपासायला आलेलं प्रूफ. त्यात ती खूण व्यवस्थित छापलेली होती, आणि आम्हाला आता पाठ झालेल्या त्या शाईच्या फटकाऱ्यानं बुवांनी स्वतः खोडलेली होती. छापणाऱ्यानं काही गाळलं नव्हतं. बुवांचंच मन बदललं होतं.

मी भीत भीत ते पान चौथ्या दोरीवर लावलं. टीचरनी भिंग धरलं, पुन्हा धरलं, आणि डोळ्यांत पाणी येईतो हसत सुटल्या. “अरं बाबा, तुझं तुलाच ठरंना व्हय! आनी मी हितं कोंबड्या कापालोय!”

“आता सगळ्यांना परत बोलवायचं?” मी विचारलं.

“मग! रस्सा करायला काय लागतंय?”

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दावा साधला. जिना होईना, म्हणून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. पियानो माझ्या घरी यायचा ठरला. निघायच्या दुपारी गाडी खाली उभी होती, मुलगा हाका मारत होता, आणि टीचर मला म्हणाल्या, “ती जागा वाजीव एकदा.”

“कुठली? काळी की पांढरी?”

त्यांनी नुसते डोळे मिटले. मी काळी वाजवली.

“बरोबर,” टीचर म्हणाल्या.

मी तीच जागा पुन्हा घेतली, पांढरीनं.

“हे बी बरोबर.”

मला रडू फुटलं. भिजल्या डोळ्यांनी मी तसंच पुढं वाजवत राहिले आणि दुसऱ्याच ओळीत घसरले. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून पेठेला ऐकू जाईल असा आवाज आला, “कागदावर काय हाय ते बघ की!”