दुधाचे आंबलेले डबे

खाडीकाठी वाढले मी. अंगणात सुकणारे बोंबील, कोळंबीच्या सालांचा ढीग, त्यावरच्या माशा, यातलं काहीच मला कधी घाण वाटलं नाही. पण माणगावजवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत भांडी धुवायला लागले आणि मला दुधाची शिसारी येऊ लागली.

तिथे दुधाची पावडर पाण्यात कालवून चपट्या प्लास्टिकच्या डब्यांत ओततात. त्यात एक पांढरी पट्टी भिजत ठेवतात. तेच दूध फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरतात. कुणी विसरलं की ते आंबतं, त्याला तार सुटते, आणि तो डबा माझ्या मोरीत येतो. झाकण उघडलं की वास थेट घशात उतरतो.

एकदा तिथल्या मॅडमनी माझं तोंड पाहिलं. हसून म्हणाल्या, "अहो, नुसतं दूध नाही ते. त्यात अँटिबॉडी आहे. सशाला टोचून त्याच्या रक्तातून काढलेली."

"रक्त?"

"रक्तातला एक अंश. पेशीत जनुकांची नक्कल उतरवणारं एक एन्झाइम असतं. पेशींतली प्रथिनं आम्ही पट्टीवर घेतो, त्यात ते कुठे आहे, हे ही अँटिबॉडी दाखवते. दूध कशाला, तर ती नको तिथे चिकटू नये म्हणून."

नीट सांगितलं त्यांनी. माझ्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं, की दुधात सशाचं रक्त आहे आणि ते मी खरवडते.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचे हात थरथरतात, म्हणून संध्याकाळी दूधभात मी भरवते. त्या दिवशी भातावर दूध ओतलं आणि पोटातून उमळून आलं. घास पुढे केला, पण तोंड फिरवून. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. सासूबाईंनी ओठ मिटून घेतले.

"भूक न्हाय."

मग त्यांनी खाणंच टाकलं. गाल आत गेले. नवरा विचारी, "आयेला झालंय काय?" मला कारण कळलं होतं. त्यांना वाटत होतं, हिला माझीच किळस येते. त्यांची लाळ मी रोज पदराने पुसत होते, तिची कधी किळस आली नव्हती. पण बोलायची वेळ आली की माझा आवाजच फुटत नाही.

शेवटी सासूबाईच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझी घाण वाटते तुला. तळा गावाहून माझ्या लेकीला बोलव. तू नको भरवू."

"तुमची न्हाय, आई. दुधाची." आणि आंबलेले डबे, पट्टी, ससा, रक्त, सगळं एका दमात बाहेर पडलं.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "दुधात सशाचं रक्त? पितं कोण ते?"

"कुणी न्हाय. ओतून टाकतात."

"शी! अगो बाय, मग मला तरी दूध कशाला पाजतेस? पेज आण. आणि सुकट भाज."

पेजेची वाटी चाटूनपुसून संपली. सुकटीचा वास घरभर झाला, तेव्हा कुठे माझं पोट जागेवर आलं.

आता शेजारणी बघायला आल्या की सासूबाई उशीला टेकून पहिलं हेच सांगतात, "माझी सून कंपनीत दुधात सशाचं रक्त कालवते, बरं का!"

"कालवत न्हाय, धुते," असं मी चुलीपाशी पुटपुटते. ते कुणाला ऐकू जात नाही.

परवा हे ऐकून एकीने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि उठून गेली. त्यावर साय धरली होती. तो मोरीत ओतताना मी नाकाला पदर लावला.