ओळीच्या शेवटी

मराठी शाळा बंद पडली तेव्हा निरोपाच्या भाषणात माझी बायको सुनंदा म्हणाली होती, "आता माझा पूर्णविराम." व्याकरण शिकवणारी बाई, दुसरं काय म्हणणार? पंचेचाळिशी उलटल्यावर ती प्रोग्रॅमिंग शिकते आहे. आज तिचा प्रोग्रॅम काही केल्या चालेना. लेकीने डोकावून पाहिलं.

"आई, ओळ संपली की पूर्णविराम देतेस तू. इथे अर्धविराम लागतो."

"वाक्य संपलं तरी?"

"तरी."

अर्धविराम पाहिला की मला निघताना दारात थबकलेला पाहुणा आठवतो. निरोप घेऊन झालेला असतो, तरी बोलणं उरलेलं असतं.

सुनंदाने एकेक टिंब खोडून अर्धविराम दिले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाली, "भाषणातही माझी हीच चूक झाली."